ग गाठीचा

नागपुरात मी अठ्ठावीस वर्षं क्यान्सर शिकवला, अन् माझ्या हाताखालून गेलेले डॉक्टर पार अमेरिकेपर्यंत पोचले. शिकवत मॅडम होत्या. मी म्युझियमच्या दारात फडकं झटकत उभा राहो, म्हणून पोट्टे माझ्या हाताखालून वाकून जात, एवढंच.

म्युझियम म्हणजे राजेमहाराजाईच्या तलवारीचं नाही. मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी म्हणून एक खातं असते. माणसाच्या अंगातून काढलेली गाठ तिथं येते, अन् तिची जात कोणती हे तिथं ठरते. ज्या गाठी पोट्ट्याईले दाखवण्यासारख्या, त्या काचेच्या बरणीत फॉर्मलीनच्या पाण्यात बुडवून फळ्याईवर मांडत. अशा चारशेक बरण्या. त्या पुसणं, त्यातलं पाणी बदलणं, अन् ऑपरेशन थेटरातून नवीन बाटली निघाली का सांभाळून आणणं, हे माझं काम. फॉर्मलीननं डोळ्याले धारा लागत. पयल्या महिन्यात घरवाली म्हणे, "एवढे रडता त सोडून द्या ना नोकरी." मी म्हणलं, "इथं रडाचा पगार भेटते वं. गावात फुकट रडत होतो."

माझं शिक्षण सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुमाले धक्का बसणार नाही. रामटेकच्या पल्याड धानाचं गाव आमचं. शाळेत दोन वर्षं गेलो, दोन्ही पयलीत. मास्तर बापाले म्हणे, "पोरगं भल्लं स्थिर हाय. जिथं ठेवलं तिथं राहते." हे मॅडमले सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाही. गंभीर तोंड करून म्हणाल्या, "म्हणजे साधा हायस. पसरणारातला नाहीस." मले वाटलं, कौतुक करून राहिल्या. ते कौतुक नव्हतं, अन् खरंही नव्हतं, पण ते समजाले मले लय वर्षं लागली.

मॅडम खात्याच्या मुख्य, पण उंचीनं माझ्या खांद्याएवढ्या. पांढरी सुती साडी, पायात पोट्ट्याईचे असते तसे कॅनव्हासचे जोडे, अन् बाराही महिने हातात काळी छत्री. एका नव्या डॉक्टरनं इचारलं, हिवाळ्यात छत्री काहून? त्या म्हणाल्या, "दाखवाले." अन् खरंच, छत्रीच्या टोकानं त्या बरण्या दाखवत. टक् टक् काचेले टोक लागे, पण एक बरणी कधी फुटली नाही. फुटल्या त्या माझ्या हातून, तीन.

राग आला का त्या चष्मा काढत. चष्म्याशिवाय त्याईले हातभरावरचं माणूस दिसे नाही. म्हणत, "रागवताना समोरचं तोंड दिसलं का दया येते. मंग राग वाया जाते." चष्मा नाकावर हाय तोवर आपण वाचलो, हे साऱ्या खात्याले माहीत. पोट्ट्याईशी त्या इंग्रजीत बोलत, मोठ्या साहेबाईशी पुस्तकातल्या मराठीत, अन् माझ्याशी माझ्याच बोलीत. मले लय दिवस वाटे का आपली बोली त्याईले गोड लागते. मंग एकदा म्हणाल्या, "तुले सांगितलेलं तुले समजलं, म्हणजे मले बरोबर समजलं हाय." मी त्याईचा काटा होतो. तराजूचा.

त्याईच्या खात्यात 'क्यान्सर' हा शब्द नुसता बोलाले बंदी. कोणी धावत आलं, "मॅडम, क्यान्सरची केस आली," का त्या छत्री टेकून उभ्या राहत अन् तीन सवाल टाकत. "गाव कोणतं? स्वभाव कसा? पल्ला किती?" तिन्ही येत नसले त चूप बसायचं.

गाव म्हणजे गाठ पयले जिथं जन्मली ती जागा. मॅडम म्हणत, "लकडगंजचा माणूस खापरखेड्याच्या पॉवर हाऊसात नोकरीले लागला. क्वार्टर घेतलं, तिथं चार पोरं झाली. म्हणून तो खापरखेड्याचा होते का? इचारा त्याले, लकडगंजच सांगन. तसा स्तनातला क्यान्सर फुफ्फुसात जाऊन बसला तरी तो स्तनाचाच. नाव गावाचं, औषधही गावाचं."

स्वभाव म्हणजे साधी का वाईट. साधी गाठ आपल्या कंपाउंडात वाढते. शेजाऱ्याले ढकलन, त्याच्या खिडकीपुढं मजला चढवन, पण त्याच्या घरात घुसणार नाही. वाईट गाठ कंपाउंड ठेवतच नाही, खेकड्यासारखे पाय टाकते, या घरातून त्या घरात. अन् पल्ला म्हणजे गेली किती लांब. कधी बाजूच्या मांसात घुसून, कधी लसिकेच्या बारीक नाल्याईतून, कधी रक्तातून, अन् पोटाच्या पोकळीत त आपण बांधीत धान फेकून पेरतो तशी, आवत्या. मॅडमच्या तोंडून 'आवत्या' ऐकलं अन् मी फडकं घेऊन तिथंच बसलो. नाव क्यान्सरचं अन् आठवण आमच्या बांधीची.

नावाच्या शेपटीचाही एक हिसाब होता. शेपटीले 'ओमा' असला का बहुतेक साधी. लायपोमा चरबीची, साधी. पण कातडीतून नाही त आतल्या अस्तरातून निघालेली वाईट गाठ कार्सिनोमा, अन् हाड-मांस-चरबीतून निघालेली वाईट गाठ सार्कोमा. हे सांगून झालं का मॅडम दरवर्षी नव्या वर्गापुढं छत्री माझ्याकडं वळवत. "काय गा, मेलानोमा अन् लिम्फोमा कशा?"

"ओमा हाय ना मॅडम. साध्या."

"शेपटी पाहून बैल घेशील त शिंगानं मरशील. हे दोघं नावानं गरीब अन् आतून पक्के बदमाश."

सारा वर्ग हासे. दरवर्षी हाच सवाल, अन् पयले दोन वर्षं मी खरंच चुकलो, मंग मुद्दाम चुकत गेलो, कारण माझ्या गाढवपणामुळं पोट्ट्याईच्या डोक्यात ते जन्मभरासाठी बसे. म्हणून मी म्हणतो का मी क्यान्सर शिकवला. थोडा त शिकवला.

संत्र्यावरून मात्र त्या खरंच चिडत. म्हणत, "साऱ्या जगाच्या पुस्तकात लिहून हाय, स्तनाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्याची दिसली का समजा, काम वाईट हाय. विलायतेच्या पोट्ट्यानं हे चित्रात पाहून शिकाचं. अन् तुमी रोज डझनभर संत्री खाता अन् पेशंटवर तुमाले ओळखू येत नाही!" असं म्हणून एकेकाच्या हातात संत्रं देत अन् डोळे मिटून सालीवरून बोट फिरवाले लावत. मीही फिरवलं. मंग ते संत्रं खाल्लं. मॅडमनं पाह्यलं अन् पुढच्याले संत्रं दिलं.

आता लोणच्याची गोष्ट. मॅडम दुपारचा डबा म्युझियमातच खात. उन्हाळ्यात साऱ्या कॉलेजात वाळ्याचे पडदे लावलेली तेवढीच एक खोली. चारी बाजूनं गाठी अन् मधात मॅडम भाकर खात. निंबाचं लोणचंही त्या म्युझियमच्या नव्याकोऱ्या बरणीतच ठेवत, झाकण घट्ट बसते म्हणून. बरणीवर त्याईच्या हातची चिठ्ठी, "हे खायचं आहे." ते मले कोणी वाचून दाखवलं होतं. मले कुठं वाचता येत होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, उद्या बाहेरगावचे परीक्षक येऊन राहिले, बरण्या चकाचक पायजे. मी अशा चकाचक केल्या का चिठ्ठ्याही निघाल्या. बादलीत साऱ्या चिठ्ठ्या तरंगून राहिल्या, अन् मी काठावर बसून राहिलो घाम पुसत. मंग डोकं लावलं. लांब चिठ्ठी मोठ्या बरणीले, आखूड चिठ्ठी लहान बरणीले. काम फत्ते. परीक्षेत चिठ्ठी मागच्या बाजूले वळवून ठेवाची असते, हे डोक्यातच आलं नाही.

सकाळी पोट्टे ओळीनं पुढं सरकले अन् कागदावर लिहीत गेले. नवव्या जागी लोणच्याची बरणी. ती मीच ओळीत मांडली होती, कारण तिलेही एक लांब चिठ्ठी भेटली होती. त्या चिठ्ठीवर होतं का हे लिव्हर हाय अन् दुसरीकडून येऊन बसलेल्या गाठी याच्यात भरल्या हायत. चाळीस पोट्ट्याईनं तसंच लिहिलं. एकानं त ह्या गाठी आतड्यातून आल्या, असं गावही शोधून दिलं. एक काटोलकडचा पोट्टा तेवढा बरणीपुढं उभा राहिला, मान तिरपी केली, अन् म्हणाला, "मॅडम, माफ करा, पण हे निंबाचं लोणचं वाटून राहिलं."

मॅडमनं बरणी पाह्यली. मंग पयली पाह्यली, दुसरी पाह्यली, ओळीतल्या साऱ्या पाह्यल्या. मी दारामागं. बाहेरचे परीक्षक लाल झाले होते. मॅडमनं चष्मा काढला, अन् मी म्हणलं, संपलं. पण त्या पोट्ट्याईकडं वळल्या. "चिठ्ठी वाचली, गाठ कोणी पाह्यली? उद्या पेशंटच्या कागदावर कोणी चुकीचं लिहून पाठवलं त असंच कापाल का त्याले?" काटोलचा पोट्टा पास झाला. बाकीच्याईची परीक्षा फिरून झाली.

मले त्याईनं दुपारी बोलावलं. मी म्हणलं, "मॅडम, चुकलं. मले वाचता येत नाही."

"ते चूक नाही. येत नाही हे न सांगता चिकटवलं, ते चूक." मंग म्हणाल्या, "लोणचं खराब झालं का?"

"नाही. झाकण घट्ट होतं."

त्या आठवड्यात मॅडमनं चारशे बरण्याईवर इंग्रजी चिठ्ठीखाली एक मराठी चिठ्ठी लावली. स्वतः बसून लिहिली, मोठ्या अक्षरात. तीनच ओळी. गाव. स्वभाव. पल्ला. अन् रोज दुपारी डबा झाल्यावर एक बरणी माझ्यापुढं ठेवत अन् म्हणत, "वाच." लोकाईची पोरं ग गणपतीचा शिकते. मी ग गाठीचा शिकलो. स स्वभावाचा. प पल्ल्याचा. दीड वर्षात मी वाचू लागलो, फक्त ज्या गोष्टी मी वाचू शकत होतो त्या साऱ्या भयंकर होत्या. बसच्या पाटीवर 'गोंदिया' वाचलं त मले वाटलं, हा कोण्या अवयवाचा.

अर्धं शिकलेल्या माणसाचं काय होते ते आता ऐका.

वस्तीत माझं नाव झालं. चायच्या टपरीवर मी तीन सवाल टाकू लागलो. लोकं सदऱ्याच्या बाह्या वर करून दंडावरच्या गाठी दाखवत, मानेवरच्या दाखवत, एकानं त बकरीची आणली. मी दोन बोटानं दाबून पाहो. मॅडम पोट्ट्याईले सांगत तेवढं मी ऐकलं होतं का साधी गाठ बोटाखाली सरकते अन् वाईट गाठ रुतून बसते. बस, तेवढ्यावर दवाखाना. "हलते? हलते. मंग साधी. चाय सांगा." मॅडमची पुढची ओळही मी रोज ऐको, ती मात्र मी वस्तीत कधी बोललो नाही. मॅडम म्हणत, "बोट खोटं बोलते. काच पाहिल्याशिवाय नाव नाही." काच म्हणजे ती स्लाईड. गाठीचा तुकडा मेणात बसवून, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली पाहाची. त्याच्या आधी मॅडम राजालेही नाव सांगत नसत.

दसऱ्याच्या सुमारास घरवाली म्हणाली, "आवो, मले छातीत गाठ लागून राहिली." मी दाबून पाह्यली. सटकन् सरकली, उंदरासारखी. मॅडम वर्गात हाच शब्द वापरत. मले एवढा आनंद झाला का मी हासलोच. "साधी हाय वं. उंदीर हाय उंदीर."

ती म्हणे, "दवाखान्यात दाखवून येऊ का?"

मी म्हणलं, "अवं, दवाखानाच तुह्या घरात राहते ना."

ती उठून भाकरी थापाले लागली. मले वाटलं, पटलं तिले.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी लकडगंजच्या आरा मशीनवरचा परसराम तिळगूळ घेऊन म्युझियमात आला. संगं सागाचा पाट, स्वतः रंधा मारलेला. दारातूनच म्हणे, "मोठे डॉक्टर कुठी हायत?" मॅडम डबा खाऊन उठून राहिल्या होत्या. म्हणाल्या, "कोणते?" परसरामनं माझ्याकडं बोट केलं. मी फडकं मागं लपवलं.

"याईनं माह्या मानेतली गाठ पाह्यली. साधी हाय म्हणे. माह्या डोक्यावरचा धोंडा उतरला, म्हणून पाट आणला."

मॅडमनं चष्मा काढला नाही. परसरामजवळ गेल्या, जबड्याखालच्या गाठीवर हात ठेवला, हळूच. मंग म्हणाल्या, "हे हिचं गाव नाही. तोंड उघडा भाऊ." परसरामनं तंबाखू थुंकून येऊन तोंड उघडलं. मॅडमनं टॉर्च लावला, गाल बाजूले केला. गालाच्या आत, जिथं तो जन्मभर तंबाखूची गोळी ठेवे तिथं, एक चट्टा होता, कडा उचललेला.

मी चारशे बरण्या पुसलेल्या. तसा चट्टा माझ्या तिसऱ्या फळीवर हाय.

मॅडमनं परसरामले घाबरवलं नाही. तुकडा घ्या लागन म्हणाल्या, स्वतः चिठ्ठी लिहून दिली, कोण्या डॉक्टरकडं जायचं ते दोनदा सांगितलं, तिळगूळ खाल्ला. तो गेला. मंग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हलत होती, म्हणून साधी?"

"हाव."

"आणखी कोणाले सांगितलं?"

मी नावं घेतली. चायवाला, पानवाला, माझा साळा, अशी नऊ नावं झाली. दहावं माझ्या तोंडातून निघेना. "अन् घरवालीले."

"कुठं हाय तिची?"

मी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"कधी सांगितलं?"

"दसऱ्याले."

मॅडमनं छत्री उचलली. चष्मा मी उचलून दिला, नाही त त्या दारावर आपटल्या असत्या. कॉलेजच्या मागंच आमची वस्ती. त्या पुढं, कॅनव्हासच्या जोड्यात झपाझपा, अन् मी मागं पाट घेऊन पळून राहिलो, काहून घेतला होता कोणास ठाऊक. घरवाली चुलीपुढं होती. हातातलं पीठ तसंच घेऊन उभी राहिली. मॅडमनं मले बाहेर काढलं अन् दार लोटलं.

बाहेर मले सारं ऐकू येत होतं.

"एवढे दिवस काहून नाही आली गं बाई?"

"याईले इचारलं होतं ना. हे म्हणे दवाखाना घरातच राहते."

"तुह्या घरात राहते तो दवाखाना नाही. दवाखान्याचं फडकं हाय ते."

घरवाली हासली. मले वाटलं, हासून राहिली त बरं असन. मंग तिचं हासणं मधातच थांबलं अन् ती म्हणाली, "मॅडम, माही माय अशीच गेली. तिनं कोणाले दाखवलं नाही. मी याईले सांगितलं नाही, उगाच घाबरतीन म्हणून. हे घाबरले का दोन दिवस जेवत नाही."

तीन महिने ती बाई हे पोटात ठेवून माझ्या भाकरी थापत होती, अन् मी टपरीवर चाय सांगत होतो.

दार उघडलं तेव्हा मी म्हणलं, "मॅडम, सरकते ना? कातडी संत्र्यासारखी त नाही ना?"

"काच पाहिल्याशिवाय नाव नाही," मॅडम म्हणाल्या अन् छत्री टेकत गेल्या.

त्याच आठवड्यात गाठ काढली. ऑपरेशन थेटरातून बाटली आणाची ड्युटी माझी. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्याले पाठवते. मी म्हणलं, नाही, मीच आणतो. दहा वर्षात अशा बाटल्या किती आणल्या याचा हिसाब नाही. दोन दोन खिशात टाकून, शिटी वाजवत. त्या दिवशी एक बाटली दोन्ही हातानं धरली, पोटाशी, अन् पायरी पायरी मोजत उतरलो. निंबाएवढी गाठ होती. समोरून येणारा वॉर्डबॉय म्हणे, "काय गा, तुपाची बरणी हाय का?" मी तसाच पायरी मोजत राहिलो, तेव्हा तो बाजूले सरला.

मॅडमनं गाठ मधातून कापली. पांढरी, चमकदार. मी त्याईच्या तोंडाकडं पाहून राहिलो. मॅडमचं तोंड म्हणजे बंद बरणी. "तीन दिवस लागते तुले माहीत हाय. जा, फळ्या पूस."

ते तीन दिवस मी फळ्या पुसल्या. अन् तिथं माझं शिक्षण माझ्या अंगावर आलं. आधी मी बरण्या पुसत होतो तेव्हा त्या नुसत्या बरण्या होत्या. आता प्रत्येक बरणी बोलत होती. गाव: स्तन. स्वभाव: वाईट. पल्ला: लांब. पुढची. गाव: स्तन. पल्ला: हाडापर्यंत. मी डोळे मिटून पुसलं त चौथी बरणी फुटता फुटता राहिली. वाटलं, मॅडमनं मले काहून शिकवलं. अडाणी होतो तेव्हा इथं शिटी वाजवत होतो. घरी जाताना संत्र्याचे ठेले लागत. मी दुसऱ्या बाजूनं जावो.

एक काम मात्र त्याईनं दिलं होतं. ते नऊ जण एकेक करून दवाखान्यात आणाचे, अन् प्रत्येकाले आपल्या तोंडानं सांगाचं का मी डॉक्टर नाही, मी बरण्या पुसतो. नऊ वेळा सांगितलं. चायवाला म्हणे, "ते त आमाले माहीतच होतं. तुझं मन राखाले दाखवत होतो." नवाही जणाईच्या साध्या निघाल्या. परसरामची नव्हती. त्याचा गाल कापला, मानेतली गाठ काढली, महिनाभर रेडिएशनचा शेक दिला. वाचला तो. तोंड वाकडं झालं, तंबाखू सुटली, अन् आजही रस्त्यात भेटला का वाकड्या तोंडानं जोरात हाक मारते, "राम राम डॉक्टरसाहेब!" मी तोंड लपवतो.

तिसऱ्या दिवशी मॅडमनं मले मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. दहा वर्षात पयल्यांदा. "पाह."

मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मंग गुलाबी अन् निळं.

"काय दिसते?"

"लुगड्यासारखं. गुलाबी पदर, मधात निळी बुट्टी."

"काठ दिसते का?"

त्याईनं काच सरकवली. काठ आला. सरळ, गोल, शाबूत.

"दिसते."

"कंपाउंड हाय. कुठं तुटलं नाही. फायब्रोअॅडेनोमा. अन् ही खरीच साधी."

मी मायक्रोस्कोपवरून डोळा उचलला नाही. फॉर्मलीन नसताना धारा लागल्या होत्या, काच ओली झाली त मॅडम रागावतील, हेही समजत होतं. मंग डोळे पुसले, अन् पाच मिनिटही गेले नसतील, माझं तोंड सुटलं. "म्हणजे मॅडम, मी बरोबरच होतो ना? उंदीर म्हणलं होतं मी!"

चष्मा उतरला.

"परसरामलेही हेच सांगितलं होतं तू. जबाब एकच, माणसं दोन. आंधळ्यानं दोन गोटे मारले, एकानं आंबा पडला, एकानं माणूस. अन् आता आंबा हातात घेऊन नाचून राहिला."

मी टपरीवर पुन्हा कोणाची गाठ पाह्यली नाही. बकरीचीही नाही.

ती गाठ मॅडमनं बरणीत ठेवली, घरवालीले इचारून. अन् म्हणाल्या, हिची चिठ्ठी तू लिही. तोवर मी वाचत होतो, लिहिलं कधी नव्हतं. तीन ओळी लिहाले अख्खी दुपार गेली.

मंग लय वर्षांनी मॅडम रिटायर झाल्या. निरोपाचा कार्यक्रम म्युझियमातच ठेवला, त्याईचा हट्ट. कार्यक्रमाच्या शेवटी त्याईनं ती काळी छत्री मले दिली. अन् मी छत्री हातात आल्याबरोबर भाषण सुरू केलं. कोणी बोलावलं नव्हतं. चारशे बरण्या, अठ्ठावीस वर्षं, डॉक्टर अमेरिकेपर्यंत, सारं सांगितलं. घरवाली पयल्यांदाच तिथं आली होती. तिले हात धरून त्या बरणीपाशी नेलं, छत्रीचं टोक काचेले लावलं, टक्, अन् साऱ्याईपुढं म्हणलं, "पाह वं, हे मी लिहिलं. माह्या हातचं पयलं अक्षर."

ती चौथी पास हाय. तिनं पदरानं काच पुसली अन् सावकाश वाचलं, "गाव: स्तन. स्वभाव: साधा. पल्ला: जागीच."

मॅडम खुर्चीत बसल्या होत्या, चष्मा नाकावर. घरवालीनं त्याईच्याकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं.

"गाठ बिचारी जागीच राह्यली बापा," ती म्हणाली. "पसरलं ते तुमचं तोंड."